रेफरलवर सही करा: मिसिसिपीतल्या मराठी डॉक्टरांना खुले पत्र

मिसिसिपीत आणि शेजारच्या राज्यांत प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी डॉक्टरांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मिसिसिपी डेल्टामधल्या एका लहान रुग्णालयाने हृदयरुग्णांचं व्यायाम-पुनर्वसन केंद्र, म्हणजे आपण ज्याला कार्डिअॅक रिहॅब म्हणतो ते, बंद केलं. मी तिथे फिजिओथेरपिस्ट होते. व्यवस्थापनाने कारण एका ओळीत दिलं: रुग्ण येत नाहीत. मला हे कारण मान्य नाही. रुग्ण येत नव्हते, कारण त्यांना कुणी पाठवत नव्हतं. मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नियमाप्रमाणे रिहॅबसाठी डॉक्टरांचीच ऑर्डर, म्हणजे सही केलेलं रेफरल, लागते. रुग्ण आपणहून येऊन नाव नोंदवू शकत नाही आणि मी त्याला परस्पर दाखल करून घेऊ शकत नाही. आमच्या भागात ज्यांच्या हातात ही सही होती, त्यांत मराठी डॉक्टर बरेच आहेत. तुमच्याबरोबर मी गणपतीची आरती म्हटली आहे, तुमच्या घरी दिवाळीचा फराळ केला आहे. हे सगळं मी तुमच्याशी खासगीत बोलले. ‘तुझं बरोबर आहे गं’ याच्यापुढे बोलणं सरकलं नाही. आता केंद्राला कुलूप लागलं आहे आणि सर्वांत जवळचं दुसरं केंद्र गाडीने तासाभराहून लांब आहे. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मराठीत लिहिण्याचं कारणही सांगते. आपल्या रुग्णांबद्दल आपण जे खरं बोलतो ते मराठीत बोलतो, कारण ते त्यांना कळत नाही. त्या बोलण्याला उत्तर त्याच भाषेत द्यायला हवं.

हे पत्र डॉक्टर नसलेलेही वाचतील, म्हणून थोडं मागे जाऊन सांगते. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय एकदम बंद पडणं नव्हे. हृदय शरीराला हवं तेवढं रक्त पुरवू शकत नाही, किंवा पुरवताना आतला दाब वाढत जातो. पायांवर सूज चढते, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय रात्री पडता येत नाही, पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन यायचं तर धाप लागते. अमेरिकेत ६० लाखांहून अधिक प्रौढांना हा आजार आहे. पण तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही.

१९८५-८६ मध्ये बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या चार शहरांतल्या १८ ते ३० वयाच्या ५,११५ तरुणांची एका दीर्घ अभ्यासासाठी नोंद झाली. साधारण निम्मे कृष्णवर्णीय, निम्मे गोरे. पुढच्या २० वर्षांत त्यांतल्या २७ जणांना हार्ट फेल्युअर झालं आणि त्या २७ पैकी २६ कृष्णवर्णीय होते. आजार सुरू झाला तेव्हाचं सरासरी वय ३९. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वर जाऊन खात्री करून घेतली होती. ३९ व्या वर्षी आपल्याकडे माणूस मुलांच्या शाळेची फी आणि घराचा हप्ता यांची गणितं करत असतो.

पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांच्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात कृष्णवर्णीयांमध्ये हार्ट फेल्युअरचं प्रमाण वर्षाला दर हजारी ४.६ होतं, गोऱ्यांमध्ये २.४. रक्तदाब आणि मधुमेह हिशेबात धरल्यावर हा फरक बराच ओसरला. ज्या कृष्णवर्णीयांना आजार झाला त्यांतल्या चारांपैकी तिघांना आधी हार्ट अटॅक आलेलाच नव्हता. म्हणजे या माणसांचं हृदय एका रात्रीत निकामी झालं नाही. वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या रक्तदाबाने, साखरेने, वजनाने, किडनीच्या दुखण्याने ते झिजत गेलं. त्या सगळ्या वर्षांत ही माणसं कुणा ना कुणा डॉक्टरसमोर बसली होती.

हालचालीने या झिजेला आळा बसतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही. रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात राहते, ताठर होऊ लागलेला डावा कप्पा पुन्हा थोडा सैल होतो. २०१५ साली १२ अभ्यासांतल्या ३,७०,००० हून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांना, अजिबात न करणाऱ्यांपेक्षा, हार्ट फेल्युअरचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी. त्याच्या दुप्पट केला तर १९ टक्क्यांनी, चौपट केला तर ३५ टक्क्यांनी. यातली एक गोष्ट दवाखान्यात कुणी सांगत नाही. १५० मिनिटं ही सुरुवात आहे. खरा फायदा हवा तर चालणं रोजच्या जगण्याचा भाग व्हायला लागतं, आणि त्यासाठी जागा लागते, वेळ लागतो, सुरक्षितता लागते.

हे सगळं गोऱ्यांवरच्या अभ्यासांतून आलं, कृष्णवर्णीयांना ते कितपत लागू आहे, असं मला एका डॉक्टरांनी विचारलं होतं. उत्तर आपल्याच राज्यात आहे. फ्रेमिंगहॅमचा प्रसिद्ध हृदय-अभ्यास १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झाला, त्यातले लोक जवळजवळ सगळे गोरे होते. पुढे १९८७ मध्ये चार ठिकाणी जो अभ्यास सुरू झाला त्यातलं एक ठिकाण जॅक्सन होतं. त्यातल्या कृष्णवर्णीयांची माहिती वेगळी काढून केलेलं विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झालं. हालचाल जास्त तिथे हार्ट फेल्युअर कमी, अगदी गोऱ्यांसारखंच. आणि २००० सालापासून जॅक्सन हार्ट स्टडी चालू आहे. जॅक्सन स्टेट युनिव्हर्सिटी, टुगालू कॉलेज आणि इथलं सरकारी मेडिकल कॉलेज यांनी मिळून ५,३०६ कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना त्यात सामील करून घेतलं. व्यायामाबद्दल विचारताना खेळापुरतं विचारलं नाही; घरकाम, बागकाम, नोकरीतले कष्ट, रोजचं चालणं-फिरणं, सगळं विचारलं. या लोकांनी आपली रक्तं दिली, छातीवर सोनोग्राफीचा प्रोब फिरवू दिला, वर्षानुवर्षं फोनवर प्रश्नांची उत्तरं दिली. त्यांच्या शरीरातून मिळालेलं हे ज्ञान त्यांच्याच शेजाऱ्यांच्या उपचारात उतरत नाही, हे मला सहन होत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ‘चाला’ या सल्ल्याबद्दल. तपासणी संपते, तुम्ही कीबोर्डवरून नजर उचलता आणि सांगता, रोज अर्धा तास चालत जा, वजन कमी करा. कुठे चालायचं, किती वेगाने, धाप लागली तर काय करायचं, लॅसिक्सची, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी, गोळी कधी घेऊन निघायचं, यातलं काही नाही. हे म्हणजे प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं नाव आणि मात्रा न लिहिता ‘औषध घ्या’ एवढंच लिहिण्यासारखं आहे.

माझ्याकडे शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या एक आजी यायच्या. दोन वर्षं त्यांना दर भेटीला ‘चाला’ सांगितलं गेलं होतं. एके दिवशी मी त्यांना घरी सोडायला गेले तेव्हा त्यांचा रस्ता पाहिला. राज्य महामार्गाला लागून घर, पदपथ नाही, एका बाजूला पाण्याची चर, दुसऱ्या बाजूने लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक. पुढच्या वळणावर मोकळी कुत्री. शाळेच्या मागे धावपट्टी आहे, तिला कुंपण आणि कुलूप. गावात एक छोटं उद्यान आहे, पण तिथलं शौचालय कायम बंद. लघवीची गोळी घेणाऱ्या सत्तरीतल्या बाईला शौचालयाशिवाय अर्धा तास चालायला सांगणं किती अवघड आहे, हे कुणीही सांगेल, फक्त विचारायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये इथला दमट उकाडा असा असतो की हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला दुपारी बाहेर पाठवणं धोक्याचं. त्यांनी मला सांगितलं की त्या चर्चच्या मागच्या सभागृहात, खुर्च्या बाजूला सारून, एकट्याच फेऱ्या मारतात. त्यांच्या फाइलमध्ये याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांचा नातू तिशीतला, रक्तदाब आत्ताच वाढलेला. त्याला धावायला आवडतं, पण कामावरून सुटेपर्यंत अंधार पडतो आणि अंधारात अनोळखी वस्तीतून तो धावत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जॉर्जियात ब्रन्सविकजवळ धावायला निघालेल्या २५ वर्षांच्या अहमद आर्बेरीला पाठलाग करून गोळी घातली गेली, हे त्याच्या घरात कुणी विसरलेलं नाही. या भीतीला आळस म्हणणं अन्याय आहे.

तुम्ही पुण्यात हनुमान टेकडीवर, नागपुरात अंबाझरीला, दादरला शिवाजी पार्कात आपल्या आईवडिलांना चालताना पाहिलं आहे. तिथे त्यांना कट्टा होता, सोबत होती, ओळखीचा चहावाला होता. इथल्या लोकांच्याही अशा जागा असू शकल्या असत्या. आपल्या राजधानीचीच गोष्ट घ्या. जॅक्सनमध्ये पाच सार्वजनिक जलतरण तलाव होते, चार गोऱ्यांसाठी, एक कृष्णवर्णीयांसाठी. साठच्या दशकात न्यायालयाने वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा शहराने सगळ्यांना एकत्र पोहू देण्याऐवजी ते चालवणंच सोडून दिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने शहराचा निर्णय उचलून धरला. गुडघे दुखणाऱ्या, वजन जास्त असलेल्या माणसासाठी पाण्यातल्या व्यायामासारखा सोपा व्यायाम नाही. तो या शहरातल्या माणसांपासून ठरवून काढून घेतला गेला. तेव्हा जी मुलं होती ती आज तुमच्या ओपीडीत पायांवर सूज घेऊन बसली आहेत.

आणि ‘ही माणसं हलतच नाहीत’ म्हणताना त्यांची कामं डोळ्यांसमोर आणा. कॅटफिशच्या कारखान्यात ओल्या फरशीवर आठ-दहा तास उभं राहून मासे कापणाऱ्या बाया, वृद्धाश्रमात माणसं उचलणाऱ्या मदतनीस, गोदामात रात्रपाळी करणारे. कामातली दमणूक आणि मोकळ्या मनाने केलेली हालचाल हृदयाला सारखी नसते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. विश्रांतीशिवायचे कष्ट रक्तदाब वाढवतात. दिवसभर राबून घरी आलेल्या बाईला ‘तुम्ही अॅक्टिव्ह नाही’ असं ऐकवलं तर ती पुढच्या तारखेला येत नाही, आणि त्यात मला नवल वाटत नाही.

दुसरी तक्रार फाइलमधल्या शेऱ्यांबद्दल. ‘नॉन-कम्प्लायंट’, म्हणजे सांगितलेलं न ऐकणारा. हा शब्द मी इतक्या नोंदींत वाचला आहे की तो वाचून पुढच्या डॉक्टरचा चेहरा कसा बदलतो ते मला पाठ आहे. शिकागोतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांच्या फाइलमध्ये असा नकारात्मक शब्द असण्याची शक्यता अडीच पट होती. हा शेरा रुग्णाबरोबर आयुष्यभर फिरतो. तो लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा: यांना हे करता येण्यासारखं होतं का?

तिसरी तक्रार सर्वांत मोठी, आणि तीच या पत्राचं कारण. रिहॅबचं रेफरल. २००९ साली हार्ट फेल्युअरच्या २,३३१ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा कृष्णवर्णीय होते. देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित आहे आणि त्याने जगणं सुसह्य होतं, हे त्यातून दिसलं. २०१४ पासून मेडिकेअर त्याचे पैसे देते: इजेक्शन फ्रॅक्शन (डावा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते) ३५ टक्के किंवा कमी असलेल्या, सहा आठवडे स्थिर असलेल्या रुग्णांना ३६ सत्रं. इतकी वर्षं झाली. तरी माझ्या हॉलमधल्या ट्रेडमिल आठवड्यातले बरेच दिवस रिकाम्या असायच्या आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर हार्ट फेल्युअरचे रुग्ण पाणी काढून घ्यायला पुन्हा पुन्हा दाखल होत होते. डिस्चार्जच्या कागदावर औषधं असायची, मीठ कमी खा असायचं, रिहॅबचं नाव नसायचं. मी फोन केले, फॉर्म भरून पाठवले, फक्त सही करा म्हटलं. काहींनी केल्या. त्यांची मी ऋणी आहे. बाकीच्यांकडून एकच उत्तर: ‘ते लोक येणार नाहीत, उगाच कागद कशाला.’

ते येतात. ज्यांना नीट समजावून पाठवलं गेलं ते आले, चर्चच्या व्हॅनमधून आले, मुलीच्या गाडीतून आले, आणि एकमेकांची वाट बघू लागले. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत ज्यांना मध्ये दोनदा बसावं लागायचं ते न बसता चालायला लागले. लोकांपर्यंत आपण गेलो तर काय होतं याचा पुरावा माझ्या अनुभवापेक्षा मोठा हवा असेल तर लॉस एंजेलिसचा आहे. २०१८ साली तिथल्या ५२ कृष्णवर्णीय न्हाव्यांच्या दुकानांत रक्तदाबाचा प्रयोग झाला. औषधतज्ज्ञ दुकानात जाऊन रक्तदाब तपासायचे आणि तिथेच औषध ठरवायचे. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. ही तीच माणसं, ज्यांना आपण ऐकत नाहीत म्हणतो.

यात मेडिकेअरचाही दोष आहे आणि तो सांगायला हवा. ज्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन चांगलं आहे पण हृदय ताठर झालं आहे, त्यांना हे संरक्षण मिळत नाही. आमच्याकडच्या रक्तदाब आणि वजनाच्या रुग्णांत, विशेषतः बायकांत, हाच प्रकार मी जास्त पाहिला. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी यांच्या २०२३ च्या निवेदनात अशा रुग्णांनाही देखरेखीखालच्या व्यायामाचा फायदा होतो हे स्पष्ट मांडलं आहे. शिवाय दर सत्राला २० टक्के रक्कम रुग्णाने भरायची असते. आठवड्याला तीनदा ती भरणं इथे कित्येकांना शक्य नाही. पण ज्यांचा हक्क आज कागदावर आहे त्यांचाही आपण वापरत नाही, तर वाढीव हक्क कुणासाठी मागायचा?

चौथी तक्रार बोलायला जड आहे. आपल्या जेवणावळींत या माणसांचा उल्लेख ज्या एका शब्दाने होतो तो मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्या मुलांनीही तो ऐकला आहे. त्या शब्दाच्या मागोमाग ‘त्यांचं रक्तच तसं’ येतं. रक्ताचंच म्हणत असाल तर एक गोष्ट विचारते. ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचा एक बदल सुमारे तीन ते चार टक्के कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये असतो. त्याने साठीनंतर हृदयात अॅमिलॉइड, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा थर, साचून हार्ट फेल्युअर होऊ शकतं. त्याची तपासणी आहे, आता औषधंही आहेत. दोन्ही हातांना कार्पल टनेलचा (मनगटात नस दाबली जाण्याचा) त्रास, जाड झालेल्या हृदयाच्या भिंती, अशा खुणा असलेल्या किती रुग्णांना तुम्ही ती तपासणी लिहून दिली? रक्ताचं कारण जिथे खरं आहे तिथे ते शोधलं जात नाही, आणि जिथे रस्त्याचं, पगाराचं, विम्याचं कारण आहे तिथे रक्ताचं नाव घेतलं जातं.

रुग्णालयात दाखल झालेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा धोका मोजायची जी पद्धत वर्षानुवर्षं वापरात होती, तीत रुग्ण कृष्णवर्णीय नसेल तर तीन गुण जास्त मिळायचे. म्हणजे तेवढाच आजारी कृष्णवर्णीय माणूस कागदावर कमी धोक्याचा ठरायचा. २०२३ मध्ये हार्ट असोसिएशनने हृदयविकाराचा धोका मोजण्याची जी नवी समीकरणं आणली त्यांत वंश नाही आणि हार्ट फेल्युअरचा अंदाज आहे. ती वापरा.

पाचवी तक्रार थोडक्यात. ३९ व्या वर्षी हा आजार होणाऱ्या माणसाला सहसा मेडिकेअर नसतं. मिसिसिपीने मेडिकेडची, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची, व्याप्ती वाढवलेली नाही, त्यामुळे कमी पगाराच्या, मुलं नसलेल्या, अपंग नसलेल्या प्रौढाला इथे मेडिकेडही मिळत नाही. २०२४ मध्ये विधिमंडळात हा प्रश्न आला आणि फसला. तेव्हा तुमच्यापैकी कुणी बोललेलं मला ऐकू आलं नाही. ‘आपण बाहेरचे, आपण कशाला पडायचं’ हे मी ऐकलं.

आपण बाहेरचे आहोत का? १९६५ चा इमिग्रेशन कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात झाला. त्याआधी भारतीयांसाठी वर्षाला नगण्य जागा होत्या. दारं उघडली ती या लोकांनी रस्त्यावर मार खाल्ला त्या काळात. १९६६ मध्ये मेडिकेअर सुरू झालं तेव्हा वर्णभेद सोडल्याशिवाय रुग्णालयांना पैसे मिळणार नाहीत अशी अट होती, आणि दक्षिणेतली बहुतेक रुग्णालयं काही महिन्यांत सगळ्यांना खुली झाली. त्याच रुग्णालयांत पुढे आपल्या पहिल्या पिढीने नोकऱ्या केल्या. तुमच्यापैकी अनेक जण इथे आले ते १९९४ पासूनच्या कॉनराड योजनेतून: जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेतलेल्याने डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं, मग त्याला मायदेशी परतण्याची अट माफ. म्हणजे या रुग्णांना डॉक्टर नव्हता म्हणून तुम्हाला ग्रीन कार्डची वाट मिळाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं गुलामगिरीवरचं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. पुण्यात बसून, हा देश कधीही न पाहता, त्यांना हे नातं कळलं.

आणि डॉक्टरने रस्ता, विहीर, अन्न यांत पडावं का, हा प्रश्न डेल्टाने केव्हाच सोडवला आहे. मुक्त झालेल्या गुलामांनी १८८७ मध्ये वसवलेल्या माउंड बायू गावात साठच्या दशकात डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातलं पहिलं ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्र उभं केलं. कुपोषित मुलांना ते अन्न लिहून द्यायचे, गावातले दुकानदार ते द्यायचे आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यातून भागायचं. आक्षेप घेतला गेला तेव्हा त्यांनी सांगितलं की कुपोषणावरचा उपचार अन्न हाच आहे. त्यांनी विहिरी खणल्या, शेती सहकारी संस्था काढली. ते केंद्र आजही चालू आहे. तुमच्यापैकी काही जण त्याच्यावरून रोज गाडीने जाता.

आपण आपल्या माणसांसाठी हे करतोच. दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा वेगळा अभ्यास व्हावा म्हणून शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोकडच्या आपल्या लोकांनी नावं दिली. मंडळाच्या कार्यक्रमांत रक्तदाब तपासणी होते, वॉकेथॉन होतात. हे चांगलंच आहे. ते आपल्या वस्तीच्या फाटकापाशी थांबू नये एवढं माझं म्हणणं आहे.

माझ्या मागण्या अशा.

हार्ट फेल्युअरचा निकषात बसणारा प्रत्येक रुग्ण डिस्चार्ज होताना किंवा सहा आठवड्यांच्या तपासणीला रिहॅबचं रेफरल घेऊनच बाहेर पडावा. ‘येणार नाही’ हे रुग्णाने ठरवावं, तुम्ही नाही. रेफरल दिल्यावर दोन मिनिटं बसून का जायचं ते स्वतः सांगा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेल्या शब्दाचं वजन माझ्या फोनला येत नाही.

प्रत्येक तपासणीत चालण्याबद्दल तीन गोष्टी विचारा आणि लिहा: कुठे चालता, कशाची भीती वाटते, जवळ शौचालय आहे का. उत्तरांप्रमाणे व्यायाम लिहून द्या, मिनिटं आणि वेग यांसकट. बाहेर शक्य नसेल तर घरात खुर्चीवरून उठ-बस, दाराला धरून टाचा उचलणं, हेही लिहून देता येतं. त्याचे कागद मी तयार करून देईन.

‘नॉन-कम्प्लायंट’ लिहायचं थांबवा. त्या जागी काय अडलं ते लिहा.

बंद झालेलं केंद्र पुन्हा सुरू करावं म्हणून त्या रुग्णालयाच्या विश्वस्तांना तुम्ही सगळ्यांनी सह्यांचं एक पत्र द्या, आणि त्यात वर्षाला किती रुग्ण पाठवाल याचं वचन असू द्या. १ जानेवारी २०२४ पासून नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंटही रिहॅबवर देखरेख करू शकतात, त्यामुळे डॉक्टर हजर नाही ही सबब आता उरलेली नाही. रुग्णांचा ओघ दिसला तर व्यवस्थापनाला नाही म्हणणं कठीण जाईल.

शाळा मंडळाच्या आणि काउंटीच्या बैठकांना तुमच्यापैकी कुणीतरी पांढरा कोट घालून जा. शाळेची धावपट्टी संध्याकाळी उघडी ठेवा, उद्यानाचं शौचालय उघडा, महामार्गालगत पदपथ बांधा, हे तिथे बोला. तिथल्या चर्चच्या बायका हे कितीतरी वर्षं मागत आहेत. त्यांच्या शेजारी उभं राहायचं आहे, त्यांच्यापुढे नाही.

ताठर हृदयाच्या हार्ट फेल्युअरलाही रिहॅबचं संरक्षण मिळावं म्हणून मेडिकेअरकडे, आणि मेडिकेडची व्याप्ती वाढावी म्हणून इथल्या आमदारांकडे, आपल्या लेटरहेडवर लिहा. आपल्या संघटना अधिवेशनांना मोठमोठे पाहुणे बोलावतात. यंदा एक सत्र या विषयाला द्या आणि त्यात जॅक्सन हार्ट स्टडीतल्या संशोधकांना व सहभागी लोकांना बोलवा.

आणि तो शब्द घरात बंद करा.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी, त्या आजींच्या चर्चच्या मागच्या सभागृहात, मी रुग्णांसाठी मोफत व्यायामवर्ग सुरू करते आहे. पास्टरबाईंनी किल्ली दिली आहे. रक्तदाबाचं यंत्र आणि पल्स ऑक्सिमीटर माझ्याकडे आहेत. कोणत्या रुग्णाला किती व्यायाम झेपेल हे ठरवायला आणि काही गडबड झाली तर बघायला एक डॉक्टर आळीपाळीने हजर लागेल. तुमची नावं मला कळवा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट,
मिसिसिपी डेल्टा (मूळ गाव सातारा)